रेस्टची आडवी जागा: म्यूझस्कोअर, लिलीपाँड, डोरिको की सिबेलियस?

१७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमासाठी शाळेच्या बँडचे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, लिहायचे आहेत. किंवा जालन्याच्या, संभाजीनगरच्या चर्चमधल्या कॉयरला चार आवाजांत मराठी गीत बसवून द्यायचं आहे. किंवा गंधर्वच्या परीक्षा देत हार्मोनियम शिकलेल्या एखाद्याला आता स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, संगणकावर लिहायचं आहे. तिघंही एकच विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? उत्तरं बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा आणि किंमत यांतच अडकतात. मी हे वेगळ्या बाजूने तपासतो. रेस्टला, म्हणजे न वाजवता थांबायच्या चिन्हाला, कागदावर आडवी जागा किती मिळते, ती कोण ठरवतं, आणि आपल्याला बदलायची झाली तर ती किती सरळपणे बदलता येते?

रेस्टच का? कारण वाजवणारा चुकतो तो बहुतेक रेस्टमध्येच. सुरावर असताना हात, श्वास, कान सगळे कामात असतात. रेस्टमध्ये फक्त मोजायचं असतं, आणि मोजायला डोळ्यांचा आधार लागतो. सेकंड ट्रंपेटवरच्या आठवीच्या मुलापुढे एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या चार मात्रांच्या तुकड्यात) चार क्वेव्हर रेस्ट आणि चार क्वेव्हर, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे थांबे आणि सूर, एकाआड एक आले, आणि ते दाटीवाटीने छापले असले, तर तो दुसऱ्याच ओळीत मात्रा हरवतो. तोच बार मोकळा छापला की तोच मुलगा बरोबर वाजवतो. हे मी शाळांच्या बँडमध्ये वारंवार पाहिलं आहे.

त्यात आपल्याकडची एक खास अडचण आहे. आपण भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीच्या स्वरलिपीवर वाढलो. तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे कागदावर सोळा घरं, आणि प्रत्येक घर सारख्याच रुंदीचं. स्वर लांबला तर पुढच्या घरात आडवी रेघ किंवा तशी खूण येते, पण घर तेवढंच राहतं. स्टाफ नोटेशनमध्ये तसं नसतं. तिथे दोन मात्रांच्या मिनिमला एका मात्रेच्या क्रॉचेटच्या दुप्पट वेळ असतो, पण जागा दुप्पट नसते, थोडीच जास्त असते. चार मात्रांच्या सेमीब्रीव्हला चौपट जागा दिली तर ओळीत कमी बार मावतील, म्हणून छपाईसाठी नोटेशन कोरणाऱ्या युरोपातल्या कारागिरांनी शतकांपासून ही काटकसर ठरवून ठेवली आहे. स्वरलिपीतून आलेल्या डोळ्याला मात्र दोन मात्रांचा रेस्ट एका मात्रेपेक्षा जरासाच रुंद दिसतो आणि मोजणी गडबडते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हा, की ही काटकसर आपल्या हातात किती आहे?

खांब हलवायचा की फक्त रेस्ट

पुढची सगळी तुलना एका फरकावर उभी आहे. कोणतंही नोटेशनचं सॉफ्टवेअर आधी काळाचे उभे खांब बनवतं. पहिल्या मात्रेचा एक खांब, तिच्या अर्ध्यावर दुसरा, असे. क्लॅरिनेट, ट्रंपेट, हॉर्न, ढोल, सगळ्यांच्या ओळींतून तोच खांब खाली जातो. त्या क्षणी जे जे वाजतं किंवा थांबतं ते त्या खांबाला टांगलेलं असतं. मग सॉफ्टवेअर खांबांमधलं अंतर ठरवतं.

म्हणून ‘रेस्टची जागा बदलायची’ याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, खांब सरकवायचा. त्याने सगळ्या ओळींमधलं त्या क्षणाचं सगळं सरकतं आणि शेजारचे खांबही जागा करून देतात. दोन, खांब तिथेच ठेवून रेस्टचं चिन्ह तेवढं थोडं उजवीकडे-डावीकडे करायचं. त्याने शेजाऱ्यांना काही कळत नाही.

दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या वेळी. क्वेव्हर रेस्टचं चिन्ह अरुंद असतं आणि खांबाच्या डाव्या कडेला लागून बसतं. त्यामुळे रेस्टपासून पुढच्या सुरापर्यंतचं अंतर डोळ्याला मोठं वाटतं आणि सुरापासून पुढच्या रेस्टपर्यंतचं लहान, जरी हिशोबात दोन्ही सारखीच असली. इथे खांब बरोबर आहे, चिन्ह तेवढं केसभर उजवीकडे हवं. उलट, मुलगा मोजायला चुकतो तो दाटलेला बार. तिथे चिन्ह हलवून काहीच साधत नाही, तिथे खांबांमध्येच जागा वाढवावी लागते. जे सॉफ्टवेअर या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवतं ते चांगलं. जिथे माउसने ओढताना आपण नक्की काय हलवतोय हेच कळत नाही, तिथे पुढे सगळं विसकटतं.

मुळात किती जागा मिळते

लिलीपाँडमध्ये हिशोब बेरजेचा आहे. संपूर्ण रचनेत प्रत्येक बारमधला सर्वांत लहान काल, म्हणजे सर्वांत कमी वेळाचा सूर किंवा रेस्ट, पाहिला जातो, आणि त्यातला जो सर्वांत जास्त वेळा येतो तो पाया धरला जातो. त्या पायाला दोन नोटहेडइतकी (सुराच्या दोन गोलांइतकी) जागा, आणि काल दुप्पट झाला की दर वेळी एका नोटहेडची भर. नोटहेडची रुंदी १.२ स्टाफ-स्पेस धरलेली असते; स्टाफ-स्पेस म्हणजे स्टाफच्या दोन रेघांमधलं अंतर. म्हणजे क्वेव्हर पाया असेल तर त्याला २.४, क्रॉचेटला ३.६, मिनिमला ४.८, सेमीब्रीव्हला ६. लिलीपाँडचा नेहमीचा स्टाफ २० पॉइंटचा, म्हणजे एक स्टाफ-स्पेस सुमारे १.७६ मिलिमीटर. तेव्हा क्वेव्हर रेस्टला साधारण ४.२ मिलिमीटर, क्रॉचेट रेस्टला ६.३, मिनिम रेस्टला ८.४. नंतर ओळ पानाच्या रुंदीत बसवताना हे सगळं कमीजास्त ताणलं जातं, पण मूळ आकडे हेच.

डोरिकोत हिशोब गुणाकाराचा आहे. क्रॉचेटची जागा आपण ठरवायची आणि एक प्रमाण द्यायचं. काल दुप्पट झाला की जागा त्या प्रमाणाने गुणली जाते. प्रमाण २ दिलं तर मिनिमला क्रॉचेटच्या बरोबर दुप्पट. म्यूझस्कोअर ४ मध्येही शैलीच्या खिडकीत असंच एक प्रमाण असतं.

हा फरक बारीक वाटतो, पण लांब रेस्टवर उघडा पडतो. क्वेव्हरला २.४ धरून प्रमाण १.५ घेतलं तर क्रॉचेट ३.६ (इथवर दोघं सारखे), मिनिम ५.४, आणि सेमीब्रीव्ह ८.१. लिलीपाँडच्या ६ समोर ८.१. म्हणून लांब रेस्ट आणि लहान सूर मिसळलेल्या बँडच्या पार्टमध्ये गुणाकारवाल्या सॉफ्टवेअरची पानं मोकळी दिसतात, आणि लिलीपाँडची घट्ट, जुन्या छापील वह्यांसारखी. मला लिलीपाँडचं पान जास्त देखणं वाटतं. पण आठवीच्या मुलाला द्यायचं असेल तर मी मोकळं पान देईन.

म्यूझस्कोअर: बहुतेकांना हेच पुरेल

हे मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. वर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या कामातून ते वाढलं, आणि २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या चौथ्या आवृत्तीत जागेचा सगळा हिशोब नव्याने लिहिला गेला. आता त्याचं नाव म्यूझस्कोअर स्टुडिओ आहे. जुन्या तिसऱ्या आवृत्तीतली पानं आणि आताची पानं शेजारी ठेवली की रेस्टच्या आजूबाजूची हवा बदललेली लगेच दिसते.

इथे जागेवर तीन पातळ्यांवर हात ठेवता येतो. सर्वांत वरची पातळी संपूर्ण रचनेची. शैलीच्या खिडकीत बारसंबंधीच्या पानावर सुरांमधलं प्रमाण आणि कमीत कमी अंतर बदललं की सगळीकडे फरक पडतो. मधली पातळी बारची. बार निवडून महिरपी कंस दाबला की त्या बारचा ताण वाढतो किंवा कमी होतो. शाळेच्या बँडसाठी मी सर्वांत जास्त हीच पातळी वापरतो. ज्या बारमध्ये ऑफबीटचे, म्हणजे सूर मात्रेवर न येता मध्ये येतो तसे, रेस्ट आहेत तेवढे बार निवडायचे, दोन-तीनदा कंस दाबायचा, काम झालं. ओळीतले बार एखाद्याने कमी होतील, पण मुलगा चुकणार नाही.

खालची पातळी एका रेस्टची, आणि इथेच तो खांब आणि चिन्ह यांचा फरक येतो. रेस्ट निवडला की उजवीकडच्या गुणधर्मांच्या पट्टीत ‘लीडिंग स्पेस’ दिसते. ती खांबाच्या आधीची जागा वाढवते, म्हणजे सगळ्या ओळींतला तो क्षण सरकतो. दुसरीकडे आडवा ‘ऑफसेट’ असतो, तो फक्त चिन्ह हलवतो. अडचण अशी, की रेस्ट माउसने ओढला तर ऑफसेट बदलतो, खांब जागचा हलत नाही. नवीन माणसाला वाटतं जागा वाढली. प्रत्यक्षात रेस्ट शेजारच्या सुराच्या अंगावर गेलेला असतो आणि दाटी आहे तशीच राहते. त्यावर उपाय सोपा आहे. कंट्रोल आणि आर दाबून चिन्ह मूळ जागी आणायचं आणि मग लीडिंग स्पेस बदलायची. पण माउसने ओढणं ही संगणकावरची सर्वांत स्वाभाविक कृती, आणि तिचा अर्थ इथे चुकीच्या बाजूला जातो. हा दोष मला मोठा वाटतो.

नको असलेला रेस्ट दिसू द्यायचा नसेल तर तो निवडून व्ही दाबायचं. एकाच स्टाफवर लिहिलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आवाजातला रेस्ट थेट पुसताही येतो. पहिल्या आवाजातला पुसता येत नाही, लपवावा लागतो, आणि लपवलेल्या रेस्टची जागा शिल्लकच राहते. कॉयरसाठी सोप्रानो-आल्टो एका स्टाफवर लिहिताना याचा उपयोग होतो. दोन्ही आवाज एकदम थांबत असतील तर खालचा रेस्ट पुसून टाकायचा, नाहीतर सारखे रेस्ट एकत्र करण्याची सोय चौथ्या आवृत्तीत आहेच.

आपल्याकडे अजून काही घरांत, शाळांत विंडोज ७ चे संगणक चालतात. तिथे चौथी आवृत्ती चालणार नाही, तिसरीवर थांबावं लागेल. तिसरीत जागेचा हिशोब जुना आहे, पण लीडिंग स्पेस आणि बारचा ताण दोन्ही आहेत. शाळेचं काम अडत नाही.

लिलीपाँड: लिहायला वेळ, पुन्हा छापायला काहीच नाही

हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघांनी १९९६ मध्ये हे सुरू केलं. इथे माउसने काही ओढायचं नसतं. सुरांची नावं मजकुरासारखी टाइप करायची आणि सॉफ्टवेअर पीडीएफ बनवून देतं. आज्ञा रोमन अक्षरांत असतात. मी इथे त्यांचे उच्चार देतोय, पण टाइप करताना रोमनच लागेल. फ्रेस्कोबाल्डी नावाचा मोफत एडिटर सोबत घेतला तर एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला पान दिसतं, काम सुसह्य होतं.

रेस्टच्या बाबतीत लिलीपाँडचा विचार फार स्पष्ट आहे, आणि म्हणूनच मला तो आवडतो. लहान ‘आर’ म्हणजे मात्रेला धरून बसणारा रेस्ट. मोठा ‘आर’ म्हणजे पूर्ण बारचा रेस्ट, जो दोन बारलाइनच्या बरोबर मध्ये बसतो. ‘एस’ म्हणजे काहीच न छापता तेवढा काळ पुढे जाणं. शिकणारे पूर्ण बारसाठी लहान आर आणि एक लिहितात, मग रेस्ट पहिल्या मात्रेपाशी डावीकडे चिकटलेला दिसतो आणि सॉफ्टवेअरला दोष दिला जातो. मोठा आर लिहिला की तो मध्यावर येतो. तीन क्रॉचेटच्या बारमध्ये तो टिंबासह मिनिमच्या मापाने लिहायचा, पण चिन्ह मात्र सेमीब्रीव्ह रेस्टचंच येतं, कारण ते ‘पूर्ण बार’ एवढंच सांगतं.

खांब आणि चिन्ह यांच्यासाठी इथे तीन वेगवेगळ्या आज्ञा आहेत आणि त्यांच्यात गोंधळ व्हायची शक्यता नाही. ‘एक्स्ट्रा-ऑफसेट’ सगळी मांडणी झाल्यावर चिन्ह उचलून बाजूला ठेवते, शेजाऱ्यांना हात लावत नाही. ‘एक्स-ऑफसेट’ चिन्ह हलवते आणि जागेच्या हिशोबात ते हललेलंच धरले जाते. ‘एक्स्ट्रा-स्पेसिंग-विड्थ’ चिन्ह तिथेच ठेवून त्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला रिकामी जागा जोडते, म्हणजे शेजारचा खांब दूर जातो. मघाच्या ऑफबीटच्या बारसाठी, रेस्ट दिसायला डावीकडे गेल्यासारखे वाटतात तिथे, पहिली आज्ञा एकदा वर लिहून ठेवली की त्या पार्टमधल्या लहान ‘आर’च्या सगळ्या रेस्टना ती लागते. शंभर रेस्ट एकेक करून हलवायला नकोत. नको झालं तर ती एक ओळ पुसायची.

मात्रांच्या सारख्या घरांची सवय असलेल्यांसाठी लिलीपाँडमध्ये माझ्या मते सर्वांत मोलाची सोय आहे. ‘प्रपोर्शनल-नोटेशन-ड्युरेशन’ला एक काल द्यायचा, समजा एक क्वेव्हर, आणि ‘युनिफॉर्म-स्ट्रेचिंग’ सुरू करायचं. मग काटकसर संपते. प्रत्येक कालाला त्याच्या लांबीच्या प्रमाणातच जागा मिळते. तीनतालाच्या सोळा मात्रा स्टाफवर सोळा सारख्या घरांत बसतात आणि दोन मात्रांचा रेस्ट एका मात्रेच्या बरोबर दुप्पट रुंद दिसतो. हार्मोनियम-तबल्याकडून स्टाफकडे आलेल्या विद्यार्थ्याला पहिले काही महिने असं पान द्यावं. त्याला नोटहेडची उंची आणि चिन्हांचे आकार शिकायचेच आहेत, निदान काळ तरी ओळखीच्या रीतीने दिसू दे. डोरिकोत प्रमाण २ ठेवून असंच करता येतं, सिबेलियसच्या नियमात प्रत्येक कालाचे आकडे हाताने भरूनही. पण फुकटात आणि इतकं नेमकं हे मला लिलीपाँडमध्येच मिळालं.

एकाच रचनेत काही भाग सैल आणि काही घट्ट हवा असेल तर नवा ‘स्पेसिंग सेक्शन’ सुरू करण्याची आज्ञा आहे. मुखडा घट्ट, मध्येच तालाची विश्रांती आली तिथे सैल, असं करता येतं.

तोटे खरे आहेत. पान लगेच दिसत नाही, प्रत्येक बदलानंतर पुन्हा बनवावं लागतं. कंस एखादा राहिला की चुकांची यादी इंग्रजीत येते. चाल ऐकून लगेच लिहून काढायची असेल तर हे हत्यार नव्हे. पण फाइल म्हणजे साधा मजकूर, काही किलोबाइट. लाइट गेली तरी शेवटचं जतन केलेलं सगळं शाबूत राहतं, मोबाइलवर उघडून दुरुस्त करता येतं, आणि दहा वर्षांनी तीच फाइल पुन्हा छापता येते. दरवर्षी त्याच कार्यक्रमासाठी तीच रचना वेगळ्या वाद्यांना बसवून द्यायची असेल तर हा फायदा फार मोठा आहे.

डोरिको: जागेवर सर्वांत बारीक हात, पण पैसे

सिबेलियसचं लंडनमधलं कार्यालय २०१२ मध्ये बंद झाल्यावर तिथल्या मंडळींनी स्टाइनबर्ग कंपनीत जाऊन डोरिको बनवलं, ते २०१६ च्या ऑक्टोबरात आलं. जागेच्या बाबतीत आज माउसने काम करणाऱ्यांसाठी याच्या तोडीचं दुसरं नाही, हे मी मनापासून सांगतो.

एन्ग्रेव्ह नावाचा वेगळा विभाग आहे. तिथे गेल्यावर सूर किंवा काल चुकून बदलूच शकत नाही, फक्त जागा बदलते. नोट स्पेसिंगचं साधन घेतलं की प्रत्येक खांबावर चौकोनी खूण येते. चौकोन निवडून, ऑल्ट धरून बाण दाबले की खांब सरकतो. चौकोन निवडल्यावर त्या खांबातल्या एकेका सुराच्या, रेस्टच्या गोल खुणा दिसतात, त्या हलवल्या की चिन्ह तेवढं हलतं. चौकोन म्हणजे खांब, गोल म्हणजे चिन्ह. मघाशी जो फरक समजावायला मला तीन परिच्छेद लागले तो इथे दोन आकारांत डोळ्यांसमोर असतो. शिकवताना याचा किती उपयोग होतो हे शिकवणाऱ्यालाच कळेल.

शिवाय रेस्ट आपण लिहायचेच नसतात. सूर लिहिले की उरलेल्या जागा डोरिको स्वतःच रेस्टने भरतं, आणि एखादा आवाज इथे संपतो असं सांगितलं की पुढचे रेस्ट आपोआप जातात. जागेतले बदल त्या-त्या लेआउटपुरते राहतात. स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र पानात, हॉर्नचे रेस्ट सरकवले तर हॉर्नचा वेगळा पार्ट तसाच राहतो. हे योग्यच आहे, कारण स्कोअरमध्ये क्लॅरिनेटच्या सेमीक्वेव्हरमुळे (पाव मात्रेच्या सुरांमुळे) हॉर्नचे रेस्ट लांब ताणलेले असतात आणि पार्टमध्ये ते एकटे, घट्ट असतात. दोन्हीकडे दुरुस्ती वेगळीच लागते. लिलीपाँडमध्ये हे करायला टॅग लावून वेगळं लिहावं लागतं, आणि नवशिक्याला ते जड जातं.

पण हे सगळं पूर्ण रूपात प्रो आवृत्तीतच मिळतं, आणि प्रोची किंमत हजारो रुपयांत जाते. मोफत आवृत्ती आहे, पण जागेवरचा हा बारीक हात तिच्यात नाही. परवाना चालू करायला खात्यात साइन-इन लागतं, तेव्हा नेट हवंच. पार्ट लिहून देणं हाच ज्याचा धंदा आहे, पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना जो पार्ट पाठवतो, त्याला ते पैसे वसूल होतील. शाळेच्या संगीत शिक्षकाने स्वतःच्या खिशातून ते घालावेत असं मी म्हणणार नाही.

सिबेलियस आणि फिनाले

सिबेलियसमध्ये जागेचा नियम एका तक्त्यात असतो, आणि प्रत्येक कालाची जागा आकड्यांत देता येते. शिफ्ट आणि ऑल्ट धरून डावा-उजवा बाण दाबला की खांब सरकतो, आणि कंट्रोल, शिफ्ट, एन दाबलं की निवडलेला भाग नियमाप्रमाणे पुन्हा मांडला जातो. ही जोडी फार चांगली आहे. हाताने बिघडलं तर एका फटक्यात सरळ करता येतं. पार्टमध्ये केलेली हलवाहलव स्कोअरला लागत नाही. रेस्ट पुसला की आधी तो लपतो, त्याची जागा राहते, हे लक्षात ठेवायचं. तुमच्याकडे आधीपासून असेल तर सोडायचं काही कारण नाही. नव्याने घ्यायचं असेल तर मला म्यूझस्कोअर आणि डोरिको यांच्यामध्ये याला जागा दिसत नाही.

फिनाले हे नोटेशनचं आणखी एक सॉफ्टवेअर १९८८ पासून होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेकम्यूझिक कंपनीने त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांना डोरिकोकडे जायला सुचवलं. कुणी जुनी सीडी देऊ केली तरी नवीन काम त्यात सुरू करू नका. जुन्या फाइल असतील तर आहे त्याच संगणकावरून म्यूझिकएक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, काढून ठेवा. मात्र सूर, काल, शब्द तेवढे नीट येतील. हाताने सरकवलेले रेस्ट नव्या सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे येत नाहीत, तिथे नव्याने मांडणी होते. हे सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकातून दुसऱ्यात जाताना होतं. म्हणून हाताने केलेली बारीक कलाकुसर जितकी कमी आणि नियमाने केलेली मांडणी जितकी जास्त, तितकं पुढे घर बदलताना नुकसान कमी.

मराठी शब्द आले की

कॉयरचं काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. सुराखाली शब्द आला की खांबांमधलं अंतर शब्दाची रुंदी ठरवते. मराठीत एकेका सुराखाली जोडाक्षर येतं, ‘ख्रि’, ‘स्त्र’, ‘ज्ञा’, आणि ते नोटहेडपेक्षा चांगलंच रुंद असतं. मग शब्दांचे सूर फाकतात आणि रेस्ट, ज्याच्याखाली शब्द नसतो, तो तुलनेने दाटतो. त्यातून रेस्टच्या आधीच्या सुराखालचा लांब शब्द रेस्टखालच्या मोकळ्या जागेत सरकतो. कागद वाचतो, पण गाणाऱ्याला तो शब्द रेस्टमध्येही चालू आहे असं वाटतं आणि श्वास चुकतो.

देवनागरी अक्षरजुळणी लिलीपाँडमध्ये पँगोकडून होते, म्यूझस्कोअर आणि डोरिकोत क्यूटीकडून. तिन्हींत जोडाक्षरं नीट जुळतात, फक्त फाँट देवनागरीचा निवडायला हवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घेतला तरी चालेल. मी शब्दांचा आकार दोनेक पॉइंटने कमी करतो आणि रेस्टच्या खांबाआधी म्यूझस्कोअरमध्ये लीडिंग स्पेस वाढवतो, म्हणजे शब्द संपल्यावर रेस्ट येतो हे डोळ्याला स्पष्ट दिसतं. लिलीपाँडमध्ये शब्दाची रुंदी हिशोबातून पूर्ण काढून टाकायची सोय आहे, पण मराठीसाठी ती वापरू नका. अक्षरं एकमेकांवर चढतात.

लांब थांबे

बँडच्या पार्टमध्ये आठ-दहा बारांचा एकत्र रेस्ट हमखास येतो. म्यूझस्कोअरमध्ये एम दाबलं की असे बार एकत्र होतात. लिलीपाँडमध्ये ते एकत्र करण्याची आज्ञा आहे आणि दहा बारांपर्यंत जुन्या पद्धतीची लहान-लहान चिन्हं येतात, त्यापुढे जाड आडवी रेघ. शाळेच्या मुलांना ती जुनी चिन्हं कळत नाहीत, म्हणून ती मर्यादा मी शून्यावर आणून ठेवतो आणि सगळीकडे जाड रेघ व वर आकडा छापतो. किमान रुंदीही वाढवता येते. दोन बारांचा थांबा आणि बारा बारांचा थांबा सारख्याच रुंदीचा असला तरी चालतो, आकडा मात्र लांबून वाचता आला पाहिजे.

मग कोणी काय घ्यावं

शाळेचा बँड, चर्चचा कॉयर, गणपतीतलं लेझीम-ढोलांचं पथक ज्याला ट्रंपेट जोडायचं आहे, अशांनी म्यूझस्कोअर घ्यावं. बारचा ताण आणि लीडिंग स्पेस या दोनच गोष्टी शिकाव्यात, ऑफसेटकडे सुरुवातीला बघूच नये. स्वरलिपीतून स्टाफकडे येणाऱ्यांना शिकवणाऱ्या, स्वतःची अभ्यासपुस्तिका बनवणाऱ्या शिक्षकाने लिलीपाँडवर एक उन्हाळ्याची सुट्टी घालावी. मात्रांची सारखी घरं स्टाफवर आणणं एवढ्या एका कारणासाठीही ती सुट्टी वाया जाणार नाही. पार्ट लिहून पोट भरणाऱ्याने डोरिको प्रोचा विचार करावा.

ठरवण्याआधी एक चाचणी करा. चार बारांचा तोच तुकडा, ऑफबीटचे क्वेव्हर रेस्ट, एक मिनिम रेस्ट, एक पूर्ण बारचा रेस्ट आणि खाली दोन-चार मराठी शब्द, असा दोन सॉफ्टवेअरमध्ये लिहा. पीडीएफ करून नेहमीच्या झेरॉक्सच्या दुकानात छापा आणि छपाईची मोजमापं ‘खऱ्या आकारात’ ठेवायला सांगा. दुकानदार सवयीने ‘पानावर बसवा’ निवडतो, त्यात पान आकसतं आणि सगळ्यात आधी रेस्टच्या आजूबाजूची हवा जाते. दोन्ही कागद स्टँडवर ठेवून बँडमधल्या सर्वांत नवीन मुलाकडून वाजवून घ्या. तो ज्या कागदावर थांबायचं तिथे थांबला ते घ्या.